मेलेल्या पेटीचा मध

माझ्या नवऱ्याने चौतीस वर्षं लोकांना दंड केला. कॅसलमेनच्या नगरपालिकेत तो पार्किंगचा निरीक्षक होता. दवाखान्यातून तान्हं मूल घेऊन बाहेर पडलेल्या बाईला गाडीपर्यंत पोचायला चार मिनिटं उशीर झाला, तरी लॉइड पॅस्को काचेवर पावती खोचून मोकळा. वर घरी येऊन ते जेवताना चवीने सांगायचा. "नियम म्हणजे नियम, व्हर्ना. एकाला सोडलं की सगळे डोक्यावर बसतात." एकदा तर त्याने शववाहिकेलाही पावती फाडली होती. आतल्या माणसाला कसलीच घाई नव्हती, मग गाडी नीट लावायला काय झालं होतं, असं त्याचं म्हणणं.

हाच माणूस निवृत्त झाला, कॅरावॅन म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर घेतलं, आणि महिन्याभरात त्याला साक्षात्कार झाला की नियम दुसऱ्यांसाठी असतात.

आमच्या देशात एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाताना फळं, भाज्या, मध असलं काही नेता येत नाही. कीड जाते, रोग जातो, म्हणून चौकीवर सगळं टाकून द्यायचं. कॅरावॅनवाले कुरकुरतात आणि टाकतात. लॉइड टाकत नाही. अकरा वर्षांत त्याने कपडे धुण्याच्या मशीनमधून टोमॅटो नेले, गमबुटांतून अॅव्होकाडो नेले, माझ्या गाऊनमध्ये गुंडाळून आंबे नेले. संडासाची टाकी असते त्या कप्प्यातून एकदा लिंबं नेली आणि पलीकडे जाऊन ती माशावर पिळून खाल्ली. मी त्या दिवशी मासा खाल्ला नाही. पलीकडच्या दुकानात तीच लिंबं पिशवी भरून मिळत होती, पण त्यात मर्दुमकी नव्हती ना.

प्रत्येक तळावर, प्रत्येक शेकोटीभोवती हे किस्से. "आजवर एक टोमॅटो दिलेला नाही मी त्यांना. एक!" लोक हसायचे. पहिली दोन-तीन वर्षं मीही हसले, ते मान्य करायला हवं. नंतर मी विणकाम घेऊन बसायला लागले.

आमच्या गॅरेजमागे लॉइडच्या दोन मधपेट्या होत्या. दोन पेट्यांवर माणूस स्वतःला मधपाळ म्हणवत होता. बरण्यांवर लावायला त्याने सोनेरी अक्षरांत चिठ्ठ्या छापून घेतल्या होत्या, 'पॅस्कोचं सोनं'. आणि नशिबाने त्याला जावई मिळाला तो खरा मधपाळ. आमची रोवीना पश्चिमेला मॅन्जिमपकडे राहते. तिने आणि अँटन रॅडिचने पर्थमधलं घर विकलं, दोघांनी नोकऱ्या सोडल्या, आणि जंगलाच्या कडेला एकशे चाळीस पेट्या उभ्या केल्या. मधापेक्षा त्यांचा भर राण्यांवर. निरोगी राणीमाश्या वाढवायच्या आणि इतर मधपाळांना पाठवायच्या. त्या धंद्यात नाव एकाच गोष्टीवर चालतं, पेटीत रोग नाही ह्या गोष्टीवर. रोवीना फोनवर दुसरं काही बोलायचीच नाही. सात वर्षं त्या दोघांनी कुठे सुट्टी घेतली नव्हती.

लॉइडला ह्याचा अभिमान वाटायला हवा होता. त्याला राग यायचा. पोरीच्या टेबलावर दुसऱ्याचा मध असतो, हे त्याला सहन व्हायचं नाही. "तिकडच्या जंगलातल्या त्या जारा झाडांचा मध म्हणजे काळा काढा," तो म्हणायचा. "माझा मध एकदा चाखला ना, तर अँटन पेट्या विकून मासे धरायला जाईल."

मागच्या हिवाळ्यात आमची एक पेटी मेली. जुलैतली गोष्ट, आमच्याकडे थंडी तेव्हा असते. लॉइडने झाकण उघडलं आणि मी मागे उभी होते. वास मला आला, जुन्या सरसासारखा. अळ्यांच्या घरांवरची झाकणं आत बसली होती आणि काहींना भोकं पडली होती. लॉइडने आगपेटीची काडी एका घरात घातली आणि हळूच बाहेर ओढली. काडीबरोबर तपकिरी तार निघाली, बोटभर लांब. ही काडीची परीक्षा मधमाश्या पाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. तार आली की सरकारी खात्याला फोन करायचा, पेटी जाळायची, राख पुरायची. त्यातला मधही जाळायचा, कारण रोग मधात बसून राहतो. माणसाला त्याचं काही होत नाही, माश्यांच्या पिल्लांना होतं.

"फोन कर त्यांना," मी म्हटलं.

"कशाला? थंडीनं मेल्यात."

"लॉइड, तार आली. मी बघितली."

"तू विणकाम कर ना बाई." त्याने काडी गवतात फेकली. "आणि चौकट भरून मध आहे वर. तो काय फेकून देऊ?"

त्याने तो काढला. मेलेल्या पेटीचा मध त्याने गाळला आणि मी चाळणी धरून उभी राहिले.

ऑगस्टच्या शेवटी आम्ही निघालो. दरवर्षी आम्ही तीनेक महिने रोवीनाच्या अंगणात कॅरावॅन लावून ठाण मांडतो. ह्या खेपेला लॉइड भलताच खुशीत होता. त्याने शाम्पूच्या दोन मोठ्या हिरव्या बाटल्या धुतल्या, त्यांत मध ओतला आणि न्हाणीच्या फळीवर माझ्या बाटलीशेजारी मांडल्या. मी एकदा पेंगत पेंगत चुकीच्या बाटलीला हात घातला आणि केस धुवायला अर्धा तास लागला. तो इतका हसला की त्याला खोकला आला.

सीमेच्या अलीकडच्या शेवटच्या तळावर एक पद्धत आहे. उद्या चौकीवर जे टाकावं लागणार, ते आज सगळ्यांनी मिळून शिजवायचं. कुणी मोठं पातेलं काढतं, कुणी भोपळा आणतं, कुणी बटाटे, गाजरं, कांद्याची पात. शिजवलेलं चालतं, शिवाय शिल्लक उरतच नाही. ज्यांच्याकडे मध असेल ते तो शेकोटीवरच्या गरम पावावर ओततात आणि सगळ्यांना वाटतात. समोर कड्याखाली समुद्र असतो, वारा असतो, आणि अनोळखी माणसं एका पातेल्यातून जेवतात. मला त्या तळाची फार ओढ आहे. वर्षातलं तेवढं एक जेवण मी मनापासून जेवते.

लॉइड तिथे वाडगा घेऊन सगळ्यांत पुढे. दोन वाडगे सूप, चार तुकडे पाव, वर दुसऱ्याचा मध. पातेल्यात टाकायला आमच्याकडून काय? काही नाही.

पातेल्याजवळची बाई, मर्ल नावाची, बॅलॅरटहून आलेली, त्याला म्हणाली, "काय हो, तुमची भाजी कुठाय?"

"संपली," लॉइड म्हणाला. "आम्ही हिशोबाने खातो."

"खाताना दिसतंय ते," मर्ल म्हणाली, आणि पळी त्याच्या वाडग्याऐवजी पातेल्यात ठेवून दिली. चार माणसं हसली. लॉइडला कळलंच नाही. त्याला वाटलं, त्याच्या विनोदाला हसली.

दुसऱ्या दिवशी चौकी. तिथली रीत लॉइडने बसवलेली होती. फ्रिजमध्ये अर्धा कोबी आणि दोन गाजरं मुद्दाम ठेवायची, आणि विचारलं की चटकन काढून द्यायची. देवापुढे नैवेद्य ठेवतात तशी. अधिकारी खूश होतात आणि बाकीचं फारसं बघत नाहीत. आणि बोलायचं मी. "म्हाताऱ्या बाईवर कुणी संशय घेत नाही," हे त्याचं तत्त्वज्ञान.

त्या दिवशी एक तरुण मुलगी होती, उन्हाने नाक सोललेलं.

"सुप्रभात. फळं, भाज्या, बिया, मध, काही आहे का?"

"हा कोबी आहे बघ. आणि दोन गाजरं," मी म्हटलं.

"मध? मधाचं मेण, जुन्या चौकटी, असलं काही?"

"नाही गं."

"नक्की?"

"नक्की. मध घरी ठेवून आलो."

तिने कपाटं उघडली, पलंग उचलून बघितला, न्हाणीत डोकावली. शाम्पूच्या तीन बाटल्या तिला दिसल्या असणार. दोन म्हाताऱ्यांना तीन बाटल्या. बाहेर येऊन ती म्हणाली, "आपणहून काढून दिलंत, बरं वाटलं. बरेच जण लपवतात हो."

"काय माणसं असतात ना," लॉइड स्टिअरिंगमागून म्हणाला.

फाटक ओलांडून दोनशे पावलं गेलो नाही तोच त्याने हॉर्न वाजवून आनंद साजरा केला. मला लाज वाटली. पण त्या मुलीला 'नाही' मीच म्हटलं होतं.

रोवीनाकडे पोचल्यावर अँटनने पहिल्याच संध्याकाळी नेहमीचं सांगितलं. तो दर वर्षी सांगतो, हसून, हात जोडून. "लॉइड, व्हर्ना, घर तुमचं आहे. फक्त बाहेरचा मध आवारात नको. दुकानातली बरणीसुद्धा नको. माझ्या माश्या वाटेल तिथे तोंड घालतात."

"अरे, आम्हाला काय शिकवतोस," लॉइड म्हणाला. "मीही मधपाळच आहे."

मला वाटलं होतं, तो शेवटच्या दिवशी बाटल्या काढून फुशारकी मारेल. त्याने त्याहून हलकट गंमत शोधली. दुसऱ्या सोमवारी, अँटन आणि रोवीना जंगलातल्या पेट्या बघायला गेले असताना, त्याने त्यांच्या न्याहारीच्या टेबलावरची बरणी रिकामी केली. त्यांचा मध त्याने कॅरावॅनमध्ये आणला आणि बरणीत स्वतःचा ओतला. त्यासाठी बाटल्या गरम पाण्यात ठेवल्या, कापल्या, एका परातीत निथळल्या. मंगळवारी अँटनने पावावर मध घेतला, खाल्ला आणि म्हणाला, "ह्या वर्षी मध हलका उतरलाय. छान आहे." लॉइडने चहाच्या कपात तोंड लपवलं. कॅरावॅनमध्ये आल्यावर तो पलंगावर पडून हसत होता. एकाहत्तर वर्षांचा माणूस.

"आता सांगशील ना त्यांना?" मी विचारलं.

"जायच्या दिवशी. त्याचं तोंड बघायचंय मला."

ती परात आणि त्या कापलेल्या बाटल्या त्याने कुठे ठेवल्या, तर अंगणातल्या पाण्याच्या टाकीखाली, उघड्यावर. घरीही तो असंच करतो. मधाची भांडी घासायचा कंटाळा, म्हणून ती बाहेर ठेवायची आणि माश्यांना चाटायला द्यायची. दोन दिवसांत भांडं लख्ख होतं. 'फुकटच्या मोलकरणी' म्हणतो तो त्यांना. टाकीपासून पन्नास पावलांवर अँटनच्या घरच्या बारा पेट्या होत्या. मी बुधवारी कपडे वाळत घालायला गेले तेव्हा परात माश्यांनी काळी झाली होती. मी ती उचलायला हवी होती. माश्या चावतील म्हणून मी उचलली नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे लॉइडशी वाद घालायचा मला कंटाळा आला होता. आमच्या लग्नात हा कंटाळाच सगळ्यात जुना आहे.

नोव्हेंबरच्या मध्यावर एका दुपारी अँटन घरच्या पेट्यांकडून आला आणि हातमोजे न काढता ओट्यावर बसला. त्याच्या हातात आगपेटीची काडी होती. काडीच्या टोकाला तपकिरी तार सुकली होती.

रोवीनाने ती बघितली आणि भिंतीला टेकून खाली बसली. ती रडली नाही. "किती?" एवढंच म्हणाली.

"तीन नक्की. बाकीच्या घरच्या पेट्या त्या तिघींना खेटून आहेत. बाराही गेल्या धर."

"पण रोग आला कुठून?"

हाच प्रश्न होता, आणि पुढचं सगळं त्यावर अवलंबून होतं. रोग आवारातच कुठून तरी आला असेल, तर बारा पेट्या जाळून भागत होतं. बाकीच्यांवर नजर ठेवायची, तपासत राहायचं. पण जंगलातल्या साठ पेट्यांची खोकी जुनी होती, तीन वर्षांपूर्वी खोऱ्यातल्या एका म्हाताऱ्या मधपाळाकडून, क्लेम हॅडोकडून घेतलेली. त्या वर्षी त्यांतली काही घराजवळही आणली होती. रोग त्या जुन्या लाकडातून आला असेल, तर साठही जाळायच्या. एकशे चाळीसातल्या बहात्तर गेल्या, की राण्यांचा धंदा संपला. अँटनने खात्याला फोन केला. निरीक्षक दोन दिवसांनी येणार होता. पण अँटनला धीर निघेना. त्या साठ पेट्यांतली एकही माशी दुसऱ्याच्या पेटीत रोग घेऊन जाऊ नये, म्हणून उद्याच संध्याकाळी सगळ्या जाळतो, म्हणाला. शेजारच्यांना मी तोंड कसं दाखवू, म्हणाला.

मी लॉइडकडे बघितलं. तो आपल्या बुटांकडे बघत होता.

कॅरावॅनमध्ये आल्यावर मी दार लावलं. "आत्ता जा आणि सांग."

"काय सांगू?"

"परातीचं सांग. मेलेल्या पेटीचं सांग."

"सिद्ध काय आहे?" चौतीस वर्षं लोकांचं एकही कारण ऐकून न घेतलेला माणूस मला हे विचारत होता. "त्या म्हाताऱ्याची खोकी सडकी असतील. शक्यता आहे का नाही?"

"साठ पेट्या, लॉइड! तिच्या पेट्या!"

"आवाज खाली कर. आणि तू कशात नव्हतीस असं समजू नकोस." त्याने टीव्ही लावला. "उद्या होऊन जाईल सगळं. पेट्या काय, परत करता येतात."

त्या क्षणी मला त्याची किळस आली. बेचाळीस वर्षांत राग आला होता, वैताग आला होता, कधी कधी दयाही आली होती. किळस पहिल्यांदा आली. आणि तरीही मी गप्प बसले. पोरीच्या नजरेतून उतरायची मला भीती वाटत होती, हे एकच कारण.

दुसऱ्या दिवशी दुपारी क्लेम हॅडो स्वतः आला. एकोणऐंशी वर्षांचा, काठीसारखा सरळ, डोक्यावरची टोपी हातात. ह्या खोऱ्यात पन्नास वर्षं माश्या पाळलेला माणूस, आणि त्याच्या पेटीत कधी काडीला तार आली नव्हती. तो आत आला नाही. ओट्याच्या पायरीशी उभा राहिला. आम्ही चौघं ओट्यावर होतो.

"अँटन, मी रात्रभर विचार करतोय," तो म्हणाला. "ती खोकी देताना रोग राहू नये म्हणून मी आतून आगीने होरपळून दिली होती. सगळी. पण माझ्या पाठीचं तेव्हा दुखणं होतं. एखाद-दोन राहून गेली असतील. म्हणजे... राहिलीच असतील. नाहीतर येणार कुठून?"

"क्लेम, तुमची चूक असं नाही म्हणत मी."

"तू म्हणणार नाहीस, माहितीये. मी म्हणतोय. तुझ्या साठ जाळायला मी येतो. आणि माझ्या घरच्या चाळीसही आज जाळतो. त्याच लाकडातल्या आहेत." त्याने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "रोवीना पोरी, मला माफ कर."

रोवीना पायऱ्या उतरून त्याच्याकडे गेली आणि तिने त्याचा हात धरला.

मग लॉइड बोलला. खुर्चीत मागे रेलून, समजूतदार आवाजात बोलला. "मनाला लावून घेऊ नका, क्लेम. वय झालं की होतं असं माणसाकडून."

मी उठले. मला आठवतंय, विणकामाच्या सुया खाली पडल्या.

"खोक्यांतून नाही आलं," मी म्हटलं. "आमच्याकडून आलंय. आमच्या घरची पेटी जुलैत मेली. काडीला तार आली होती. तिचा मध ह्याने शाम्पूच्या बाटल्यांतून आणला आणि परात तिथे, टाकीखाली, माश्यांना चाटायला ठेवली. बाटल्या नंतर कॅरावॅनखालच्या कचऱ्याच्या पोत्यात टाकल्या, अजून तिथेच असतील, बघून घ्या. तुमच्या न्याहारीच्या बरणीतही तोच मध होता."

अँटनने एकदा टाकीकडे बघितलं, एकदा पेट्यांकडे. पन्नास पावलं त्याने नजरेने मोजली. मग तो आत गेला आणि ती बरणी घेऊन आला, उरलेल्या बोटभर मधासकट, आणि झाकण घट्ट लावून कठड्यावर ठेवली.

"लॉइड," तो म्हणाला. "मी तुम्हाला सांगितलं होतं."

लॉइडचं तोंड लाल झालं. मला वाटलं, आता तरी हा माणूस मान खाली घालेल.

"सीमेवर मध नाही असं कोण म्हणालं, ते विचार तिला," तो म्हणाला. "मी म्हणालो? मी तोंडसुद्धा उघडलं नाही. ती म्हणाली. त्या मुलीने दोनदा विचारलं आणि हिने दोनदा नाही म्हटलं. आता आली मोठी सत्यवादी!"

रोवीना अजून क्लेमचा हात धरून उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं.

"आई, हे खरं आहे?"

"हो."

"पेटी मेली होती, काडी तू बघितली होतीस, आणि तू नाही म्हणालीस?"

"हो."

"आणि कालपासून? काल अँटन इथे बसला होता तेव्हापासून?"

मी खाली पडलेल्या सुया उचलायला वाकले.

अँटनने खात्याला पुन्हा फोन केला. निरीक्षक त्याच दिवशी संध्याकाळच्या आत आला, कचऱ्यातल्या बाटल्या आणि बरणी पिशव्यांत घालून घेतली, आमचे जबाब लिहून घेतले. दंड होणार, दोघांनाही, असं तो म्हणाला. लॉइड त्याच्याशी कलमांवरून वाद घालत होता. जंगलातल्या साठ पेट्या जाळायच्या नाहीत, नुसत्या दर पंधरा दिवसांनी तपासायच्या, असं ठरलं. क्लेमच्या चाळीसांना हातही लावायचा नाही. क्लेमने ते ऐकलं, टोपी घातली आणि नाक शिंकरलं. घरी न जाता तो मदतीला थांबला.

घरच्या बारा पेट्या मात्र गेल्या. माश्या सगळ्या घरी परतल्यावरच हे काम करता येतं, म्हणून दिवस मावळेपर्यंत सगळे थांबले. अँटनने आणि क्लेमने कुंपणापाशी खोल खड्डा खणला. पेट्यांची दारं बुजवली, आत पेट्रोल ओतलं. गुणगुण आधी वाढली आणि मग थांबली. पेट्या एकेक करून खड्ड्यात उतरवल्या आणि अँटनने आग लावली. वितळलेला मध लाकडातून गळून निखाऱ्यांवर तडतडत होता आणि सगळ्या आवारात गोड वास सुटला होता. रोवीना प्रत्येक पेटीचा नंबर हळू आवाजात म्हणत होती. प्रत्येकीतली राणी तिने स्वतः वाढवलेली होती.

लॉइड बाहेर आला नाही. कॅरावॅनच्या खिडकीतून क्रिकेटची कॉमेंट्री ऐकू येत होती.

मी खड्ड्याच्या कडेला उभी राहिले. मला कुणी जा म्हटलं नाही, ये म्हटलं नाही. खोटं कशाला सांगू, मनात मी आशा धरली होती. मी खरं बोलले होते. साठ पेट्या माझ्या बोलण्याने वाचल्या होत्या, क्लेमचं नाव वाचलं होतं. रोवीना आज रागावेल, पण उद्या-परवा तिला कळेल की तिचा बाप वेगळा आणि मी वेगळी. त्याने एकट्याने जावं आणि मी इथे राहावं, इथपर्यंत मी मनात पोचले होते. मागची खोली रिकामी असते. मला स्वयंपाक येतो, चौकटी धुता येतात.

आग बसली तेव्हा बरीच रात्र झाली होती. राखेवर माती टाकायची राहिली होती. रोवीना आली आणि तिने स्वतःच्या हातातलं फावडं माझ्या हातात दिलं.

"खड्डा तू बुजव," ती म्हणाली. "आणि सकाळी निघा."

"मी पण?" मी विचारलं.

"दोघंही," रोवीना म्हणाली, आणि क्लेमला धरून घराकडे गेली.